कवटीच्या तळाची फट आणि डोळ्याशी उतरलेला मेंदू



या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अर्थकारण अशा विषयांवर अधिकारी मंडळी बोलतात. आमचे शिक्षण बाजारपेठेतील हमालांच्या संघटनेच्या कचेरीत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. आम्ही डॉक्टर नव्हे. तरीही आजचा विषय आम्ही चालकांकडून मागून घेतला, कारण या विषयातील अज्ञानापायी आमच्या हातून एकदा मोठा अनर्थ होता होता राहिला आहे. तो प्रसंग आधी सांगतो.

दहा-अकरा वर्षे झाली. आमच्या संघटनेतील एक हमाल सकाळीच कचेरीत आला आणि म्हणाला, "भाऊ, पोरीच्या डोळ्याशी गाठ आलीय. जन्मल्यापासून बारीक होती, आता वाढलीय. दवाखान्यात उद्या चिरा देतो म्हणालेत. थोडी उचल मिळंल का?" मुलगी चार महिन्यांची. डाव्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात बोराएवढा फुगवटा. घरात कोणी त्याला रांजणवाडी म्हणत होते, कोणी गळू. आम्हीही शहाणपणा दाखवून म्हणालो, "मग वाट कसली बघतोस? चिरा देऊन मोकळा हो." उचल दिली आणि दुसऱ्या कामाला लागलो.

त्याच संध्याकाळी त्यांच्या चाळीतील एका निवृत्त परिचारिकाबाईंनी ती मुलगी मांडीवर घेतली. मुलगी रडू लागली तशी गाठ फुगली. रडणे थांबले तशी ओसरली. बाईंनी गाठ दाबली नाही, नुसते बोट टेकवले आणि म्हणाल्या, "हिला सुई लावू देऊ नका. ही नाडीसारखी उडते आहे. उद्याच्या उद्या मोठ्या इस्पितळात न्या." तेथे तपासणी झाली तेव्हा कळले की त्या फुगवट्यात पू नव्हता. मेंदूची आवरणे, मेंदूभोवतीचे पाणी आणि खुद्द मेंदूचा एक लहानसा भाग कवटीच्या फटीतून डोळ्याशी उतरला होता. आम्ही ज्याला चिरा द्यायला सांगितले होते, तो मेंदू होता!

त्या दिवसापासून हा विषय आम्ही समजून घेऊ लागलो. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम डोळ्याची खोबण पाहू. ही खोबण एका हाडाची नसून सात हाडांची मिळून बनलेली असते. तिचा आकार साधारण आडव्या पडलेल्या नरसाळ्यासारखा. रुंद तोंड पुढे आणि निमुळते टोक मागे. चाळीत वरच्या खोलीची जमीन तीच खालच्या खोलीचे छत असते, तसेच येथे आहे. खोबणीचे छत म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाची जमीन होय. हे हाड फार पातळ असते. मागच्या बाजूला स्फेनॉइड नावाचे हाड आहे. त्याला दोन्हीकडे पंख असतात, म्हणून आपल्या कोशकारांनी त्याला जतुकास्थी असे नाव दिले. जतुका म्हणजे वटवाघूळ. या हाडाच्या पंखांनी खोबणीची मागची भिंत तयार होते आणि त्या भिंतीपलीकडे लगेच मेंदू असतो. दृष्टीची नस, डोळा हलविणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या यांच्या जाण्यायेण्यासाठी त्या भिंतीत निसर्गाने भोके व चिरा ठेवलेल्या आहेत. नाकाच्या मुळाशी तर मेंदूखालचे हाड चाळणीसारखे सच्छिद्र आहे. सांगायचे ते एवढेच की कवटीचा तळ म्हणजे एकसंध फरशी नव्हे. अनेक तुकडे जोडून आणि मध्ये वाटा राखून केलेले ते बांधकाम आहे. अशा बांधकामात एखादा सांधा जुळायचा राहिला, तर आतला ऐवज त्या वाटेने बाहेर येऊ शकतो.

आमच्या हमाल बांधवांना ही गोष्ट समजावताना फार शब्द खर्चावे लागत नाहीत. जड पोती उचलणाऱ्यांना अंतर्गळ म्हणजे काय हे चांगले ठाऊक असते. पोटाच्या भिंतीत कमजोर जागा झाली की आतडे तेथून बाहेर डोकावते. खोकले की गाठ फुगते, आडवे झाले की आत जाते. कवटीच्या फटीतून मेंदू बाहेर डोकावणे हा मेंदूचा अंतर्गळच होय. वैद्यकात त्याला एन्सेफॅलोसील म्हणतात. फरक इतकाच की हमालाचा अंतर्गळ बहुधा वयाने आणि श्रमाने येतो, तर हा दोष मूल आईच्या पोटात असतानाच तयार होतो.

तो होतो कसा? गर्भ राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मेंदू आणि मज्जारज्जू यांचा पाया घातला जातो. आरंभी ती एक सपाट पट्टी असते. कारखान्यात पत्रा वळवून नळी करतात आणि तिचा सांधा मिटवतात, तशी ही पट्टी वळते आणि तिच्या कडा जुळून नळी होते. हे सारे गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत उरकते. पुढे या नळीचा भाग वरच्या त्वचेपासून सुटा व्हावा लागतो आणि दोहोंच्या मध्ये हाड तयार व्हावे लागते. नाकाच्या मुळाशी काही काळ मेंदूचे आवरण आणि त्वचा एकमेकांच्या अगदी निकट असतात. नंतर आवरण मागे सरते आणि वाट बुजते. ही ताटातूट नीट झाली नाही, तर वाट उघडी राहते आणि मेंदू वाढू लागला की त्याचा काही भाग त्या वाटेने पुढे सरकतो. डोळ्याच्या बाबतीत अशा दोन वाटा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली पुढची वाट. येथे मेंदू नाकाच्या मुळाजवळून निघतो आणि खोबणीची नाकाकडील भिंत भेदून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात येतो. आमच्या हमालाच्या मुलीचा प्रकार हाच. फुगवटा जन्मतःच दिसतो किंवा काही महिन्यांत लक्षात येतो. दोन डोळ्यांमधील अंतर वाढते, अश्रूंची नळी दबून डोळ्याला सतत पाणी येते. ही व्याधी पाश्चात्त्य देशांत विरळ आणि आग्नेय आशियात पुष्कळ आढळते. पश्चिमेकडे मेंदूचा अंतर्गळ बहुतेक डोक्याच्या मागच्या बाजूस असतो. थायलंडसारख्या देशात मात्र साधारण पाच-सहा हजार जन्मांमागे एका मुलाच्या चेहऱ्यावर तो येतो. म्हणूनच या प्रकाराचे नीट वर्गीकरण थायलंडमधील सुवानवेला या डॉक्टरांनी १९७२ साली केले आणि आजही शल्यविशारद तेच आधाराला घेतात. भारतातही असे रुग्ण आढळतात.

दुसरी मागची वाट. स्फेनॉइडचा पंख अपुरा राहिला किंवा झालाच नाही, तर मेंदूचा कानशिलाकडील भाग मागून खोबणीत उतरतो. येथे कोपऱ्यात गाठ दिसत नाही. अख्खा डोळाच पुढे ढकलला जातो आणि नाडीच्या ठोक्याबरोबर उडतो. हा प्रकार पुष्कळदा न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक व्याधीबरोबर येतो. जर्मन पंडित फॉन रेक्लिंगहाउझेन याने १८८२ साली तिचे वर्णन केले आणि तिला कारण होणारे जनुक १९९० साली सापडले. सुमारे तीन हजारांत एकाला ही व्याधी असते. तिची सोपी खूण म्हणजे अंगावरील दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे चट्टे. असे सहा किंवा अधिक चट्टे असलेल्या मुलाचा डोळा पुढे येत असेल, तर डॉक्टरांना ते चट्टे आवर्जून दाखवावेत. ही व्याधी असलेल्यांपैकी निम्म्यांच्या घराण्यात ती पूर्वी कोणालाच नसते; दोष त्या मुलाच्या बाबतीत नव्यानेच उपजलेला असतो.

आता गाठ किंवा डोळा उडतो तो का? तान्ह्या बाळाची टाळू उडताना आपण सर्वांनी पाहिली आहे. घरोघरी तेल घालून टाळू भरताना आजीच्या बोटांना तो ठोका लागतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मेंदूत रक्त येते आणि मेंदू किंचित उचलला जातो. टाळूवर हाड नसल्यामुळे ते दिसते. डोळ्याशी हाड नसेल तर तेथेही तेच दिसणार. रडताना आणि कुंथताना डोक्यातील दाब वाढतो, म्हणून गाठ फुगते. मात्र प्रत्येक गाठ उडतेच असे नाही. फट अरुंद असली तर ठोका बाहेर पोचत नाही. तेव्हा उडत नाही म्हणून निर्धास्त राहणे हीही चूकच.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाही तर आमच्या बोलण्याने प्रत्येक आईची झोप उडेल. तान्ह्या मुलाच्या डोळ्याच्या कोपऱ्यातील बहुतेक फुगवटे मेंदूचे नसतात. अश्रूंची नळी जन्मतः बंद असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. ती बहुधा मालिशीने आणि वयाबरोबर मोकळी होते. परंतु ती मालिश डॉक्टरांनी गाठ पाहिल्यावर, त्यांच्या सांगण्यानेच करावयाची. पापण्यांचा आतला कोपरा हाडाशी बांधणारा एक बंध असतो. अश्रूंच्या पिशवीचा फुगवटा सहसा त्या बंधाच्या खाली असतो. बंधाच्या वर फुगवटा दिसला की जाणता डॉक्टर सावध होतो आणि आधी आतले चित्र काढून घेतो.

चिरा दिला किंवा सुई खुपसली तर काय होते? मेंदूभोवतीचे पाणी त्या वाटेने बाहेर झिरपू लागते आणि ज्या वाटेने पाणी बाहेर येते त्याच वाटेने जंतू आत जातात. मग मेंदूच्या आवरणांचा दाह, म्हणजे मेनिन्जायटिस होतो. तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतायला तेवढे पुरे आहे. डाग देणे, लेप बांधणे, दाबून गाठ जिरवणे यांनीही असाच घात होतो.

मग खरी तपासणी कोणती? पूर्वी साध्या क्ष-किरण चित्रावर भागवावे लागे. त्यात फट नीट दिसत नसे. १९७१ साली ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला लंडनजवळील एका इस्पितळात जिवंत माणसाच्या डोक्याचे पहिले सीटी स्कॅन झाले. ते यंत्र करणारा गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा एका कंपनीत काम करणारा अभियंता होता. पुढे १९७९ साली अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासमवेत त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीत हाडाची फट किती मोठी आणि कोठे आहे हे दिसते. एमआरआयमध्ये त्या फटीतून काय बाहेर आले आहे हे दिसते. दोन्ही पाहिल्यावाचून शस्त्र उचलू नये, असा आजचा नियम आहे.

उपाय शस्त्रक्रियेचाच. ती कशी होते हे ऐकताना आम्हांला संघटनेतील माणूस म्हणून एक समाधान वाटले, ते सांगतो. पूर्वी कवटीच्या आतले काम मेंदूच्या शल्यज्ञाचे आणि चेहऱ्याचे काम दुसऱ्याचे, अशी दोन खात्यांत भिंत होती. पॉल तेसिए या फ्रेंच शल्यज्ञाने ती पाडली. मेंदूच्या शल्यज्ञाला बरोबर घेऊन, कवटी आतून उघडून डोळ्यांच्या खोबणी योग्य जागी आणण्याची आपली पद्धत त्याने १९६७ साली रोम येथील परिषदेत मांडली, आणि चेहरा व कवटी यांचे एकत्रित शल्यशास्त्र जन्माला आले. आज अशा मुलाभोवती मेंदूचा शल्यज्ञ, प्लॅस्टिक सर्जन, नेत्रतज्ज्ञ, भूल देणारे डॉक्टर आणि परिचारिका अशी अख्खी टोळी उभी असते. थप्पी लावताना एकाचा पाय घसरला तर दुसऱ्याचा खांदा हवा, हे आमच्या टोळीला जसे कळते तसेच ते येथेही आहे.

केसांच्या मागे, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत चीर घेतात, म्हणजे पुढे व्रण केसांत लपतो. कपाळाचे हाड तात्पुरते बाजूला करून फटीपर्यंत जातात. पुढच्या वाटेने बाहेर आलेला मेंदूचा भाग बहुधा निकामी आणि व्रणासारखा झालेला असतो. तो काढला तरी मुलाचे सहसा काही बिघडत नाही. मागच्या वाटेने आलेला भाग मात्र पुष्कळदा कामाचा असतो. तो जपून आत सारावा लागतो. मग मेंदूचे जाड आवरण पाणी झिरपणार नाही असे शिवतात. हाडाची फट त्या मुलाच्याच कवटीच्या हाडाचा तुकडा घेऊन किंवा टायटॅनियमच्या जाळीने बुजवतात. काही मुलांच्या मेंदूत पाणी साठते. त्यांना त्यासाठी वेगळी नळी बसवावी लागते. गाठीवरील कातडी फार पातळ झाली असेल किंवा पाणी गळत असेल तर थांबून चालत नाही. एरवी मूल थोडे मोठे व वजनदार होईपर्यंत डॉक्टर वाट पाहू शकतात.

हे सारे फक्त श्रीमंत देशांतच जमते असेही नाही. कंबोडियासारख्या युद्धाने पोळलेल्या गरीब देशात, नॉम पेन्ह शहरी, बाहेरून आलेल्या शल्यज्ञांनी स्थानिक डॉक्टरांना ही शस्त्रक्रिया शिकवली आणि २०१० साली अशा २०० शस्त्रक्रियांचा अनुभव त्यांनी मिळून प्रसिद्ध केला. शिकलेले हात मागे राहिले, हे त्यातले खरे काम.

आणखी एक समज काढून टाकू. मेंदू बाहेर आला म्हणजे मूल मंदबुद्धीच होणार असे लोक धरून चालतात. पुढच्या वाटेच्या प्रकारात, मेंदूत दुसरा दोष नसेल तर, पुष्कळ मुलांची बुद्धी चांगली असते. डोक्याच्या मागील अंतर्गळापेक्षा या मुलांचे भवितव्य बरेच बरे असते.

आता ज्या गोष्टीसाठी हे व्याख्यान मुख्यतः मागून घेतले तिच्याकडे येतो. त्या हमालाच्या घरी निदान झाल्यावर पहिला प्रश्न उपचाराचा निघाला नाही, दोषाचा निघाला. आजी म्हणाली, "हिनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली, म्हणून पोरीचं हाड चिरलं." आईला मुलीसह माहेरी धाडण्याची भाषा सुरू झाली. आम्ही समजूत घालून पाहिली, ती कोणी ऐकेना. अखेर इस्पितळातील डॉक्टरबाईंनी आजीला समोर बसवून विचारले, "आजी, त्या दिवशी तुमच्या गावात किती गरोदर बायकांनी भाजी चिरली असेल? त्यांची मुले कशी आहेत?" आजी पुष्कळ वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सगळी धडधाकट हायेत." आणि नातीला तिने आपल्या मांडीवर घेतले.

ग्रहण नव्हे, तर खरे कारण काय? बहुतेक वेळा एकच एक कारण दाखवता येत नाही. आनुवंशिक गुण आणि गर्भाच्या आरंभीची परिस्थिती यांचा त्यात मेळ असतो. पण मज्जारज्जूच्या नळीच्या दोषांविषयी एक मोठी गोष्ट सिद्ध झाली आहे आणि तिचा उगम आपल्या मुंबईत आहे. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टरबाई मुंबईस आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांचा पंडुरोग हा तिच्या अभ्यासाचा विषय. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे तिने १९३१ साली जगापुढे मांडले. त्या अर्कातील जीवनसत्त्व म्हणजेच पुढे फॉलिक अ‍ॅसिड ठरले. त्यानंतर साठ वर्षांनी, १९९१ साली, सात देशांतील ३३ केंद्रांत केलेल्या ब्रिटिश अभ्यासाने दाखवले की ज्या स्त्रियांना आधी नळीचा दोष असलेले मूल झाले होते, त्यांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतले तर तोच दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते. गिरणीतील ज्या बायांनी आपल्या बोटांतील रक्त तपासायला दिले, त्यांची नावे कोठे नोंदलेली आम्हांस आढळली नाहीत. पण त्यांचे उपकार साऱ्या जगातील मातांवर आहेत.

मात्र येथे अतिशयोक्ती नको. ही गोळी सर्वांत उपयोगी ठरते ती पाठीच्या कण्यातील आणि डोक्याच्या वरच्या भागातील नळी न मिटण्याच्या दोषांत. डोळ्याशी येणारा अंतर्गळ नळी मिटल्यानंतरच्या घडामोडींतून होतो असे पुष्कळ तज्ज्ञ मानतात, आणि स्फेनॉइडच्या आनुवंशिक दोषावर तर तिचा इलाज नाही. म्हणून गोळी घेतलेल्या आईला असे मूल झाले, तर तिला पुन्हा दोष देऊ नये. तरीही गोळी घ्यावीच, आणि ती वेळेवर घ्यावी. नळी २८ दिवसांत मिटते. तोवर पुष्कळ बायांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून मूल हवे असेल तेव्हापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आधी असा दोष झाला असेल तर मोठी मात्रा लागते. ती डॉक्टरांनी ठरवावयाची.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. मुलाच्या डोळ्याशी, नाकाच्या मुळाशी किंवा कपाळावर जन्मतः मऊ फुगवटा असेल, रडताना तो फुगत असेल, किंवा डोळाच पुढे येऊन उडत असेल, तर त्याला सुई, चिरा, डाग यांपैकी काही लावू देऊ नये. नाकातून किंवा गाठीतून पाण्यासारखा पातळ स्राव येत असेल, अथवा ताप येऊन मूल मान ताठ धरीत असेल, तर रात्र न काढता मोठे इस्पितळ गाठावे. जन्मजात व्यंगे हुडकण्यासाठी २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. अंगणवाडी आणि शाळा यांतून मुले तपासून पुढे पाठविण्याची त्यात सोय आहे. त्या तपासणीच्या दिवशी मूल घरी ठेवू नये. कामगार विम्याचे कार्ड असेल तर ते बरोबर न्यावे आणि खर्चाच्या सवलतीविषयी इस्पितळातील समाजसेवा विभागात न लाजता विचारावे. हक्क मागण्यात कमीपणा नाही.

त्या मुलीची शस्त्रक्रिया ती आठ महिन्यांची असताना झाली. बाप तीन आठवडे इस्पितळात होता. त्या दिवसांत टोळीने त्याचे काम आपसांत वाटून घेतले आणि आठवड्याच्या वाटणीत त्याचा वाटा चालू ठेवला. आज ती पाचवीत आहे. डाव्या डोळ्याला चष्मा आहे आणि तो डोळा किंचित खाली आहे. निरखून पाहिले तरच कळते. गेल्या दिवाळीत ती फराळाचा डबा घेऊन कचेरीत आली होती. तिच्याकडे पाहताना आम्हांला आमचेच शब्द आठवले: चिरा देऊन मोकळा हो. जे आपल्याला ठाऊक नाही त्याविषयी सल्ला देण्याआधी क्षणभर थांबावे, एवढे त्या मुलीने आम्हांला शिकवले. तेच आपल्या पदरात घालून आम्ही आपली रजा घेतो.